गोळीची वेळ आणि प्रार्थनेची वेळ

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार-रविवार आला की नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या त्या मंदिराकडे मुंबई, वसई, गोवा अशा लांबच्या ठिकाणांहून माणसे येतात, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. यात्रेआधी नऊ दिवसांची नोव्हेना होते. यात्रा सरली की पुढच्या पंधरवड्यात माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. कोणी सरळ विचारतो, कोणी तपासून झाल्यावर चपला घालता घालता विचारतो, "डॉक्टर, प्रार्थनेने दुखणे बरे होते का हो?"

हाच प्रश्न सिन्नर आणि निफाडकडच्या वाचकांनीही पत्रातून विचारला आहे, तेव्हा आज त्यावरच लिहितो. मी स्वतः ख्रिस्ती नव्हे. आमच्या घरी तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणत. त्यामुळे धर्मशास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाही. पण शरणपूर रोडजवळ पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवताना ख्रिस्ती घरांत इतका जाणे-येणे झाले की तिथल्या रोजच्या प्रार्थनेशी डॉक्टर म्हणून माझा जवळचा संबंध आला. तेवढ्यापुरतेच बोलतो.

शरणपूर ही वस्ती जुनी. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली ती वसवली. घरादारातून तुटलेल्या नवख्रिस्ती माणसांना आसरा म्हणून नाव पडले शरणपूर. पुढे अरबी गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडवून आणलेली आफ्रिकन गुलाम मुलेही इथे राहिली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांच्याविषयी पुढे सांगणारच आहे.

आपल्याकडच्या इतर वाचकांची अशी समजूत असते की ख्रिस्ती माणसाची प्रार्थना म्हणजे रविवारचे चर्च. प्रत्यक्षात ती दिवसभर असते. सकाळी चहाच्या आधी चार शब्द. जेवणाच्या ताटावर डोळे मिटून आभार. कॉलेजच्या टपरीवर वडापाव हातात घेऊनही क्षणभर डोळे मिटणारा मुलगा मी पाहिला आहे, मित्रांचे दोन घास होऊन गेले होते. कसारा घाट उतरण्याआधी गाडीत, पेपरला जाण्याआधी दारात, नव्या घरात भांडी नेण्याआधी. आणि रात्री घरची प्रार्थना. एक जण पवित्र शास्त्रातला उतारा वाचतो, एखादे भजन होते, घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन काही मागितले जाते, शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. कॅथलिक घरांत रोझरीची माळ फिरते. भजने पुष्कळदा रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. हे टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ती मराठी उपासनेला त्यांनी आपल्या अभंगाची चाल दिली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. हार्मोनियम जुनी असली आणि आजोबांचा सूर वर-खाली झाला तरी भजन थांबत नाही. व्हिजिटला गेलो आणि प्रार्थना चालू असली तर मी बाहेरच्या खुर्चीवर बसतो. दहा मिनिटे रक्तदाब मोजणाऱ्यालाही बरी असतात.

आता यात वैद्यकीय काय?

रक्तदाबाच्या रुग्णाला सर्वांत जास्त छळते ते मीठ नव्हे आणि तेलही नव्हे, ते विसरणे. गोळी आज घेतली, उद्या राहिली, परवा लग्नाला गेलो, पाकीट घरी. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येत. गोळी चांगली, पथ्य बरे, तरी वरचा आकडा १७० च्या खाली येईना. "गोळी कधी घेता?" "रात्री जेवणानंतर." आणि जेवण कधी? तर कधी सातला, कधी बातम्या संपल्यावर दहाला, कधी पाहुण्यांबरोबर. मी विचारले, "गुरुजी, तुमच्या घरात रोज ठरलेल्या वेळी होते अशी एखादी गोष्ट आहे का?" उत्तर बाईंनी दिले, "आठची प्रार्थना. ती काही चुकत नाही." मग गोळ्यांची डबी शास्त्राशेजारी ठेवायची आणि शेवटचे आमेन झाले की पाणी प्यायचे, असे ठरले. गुरुजींना ते पटेना. औषध आणि शास्त्र एका फळीवर? बाई म्हणाल्या, "का हो, लूक वैद्यच होता ना?" नव्या करारातले एक शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो लूक वैद्य होता, हे मला तेव्हा कळले. गुरुजी हसले. तीन महिन्यांनी रक्तदाब १३६/८४ होता. औषध तेच, डोसही तोच.

तेव्हापासून ख्रिस्ती रुग्णाला मी प्रार्थनेची वेळ विचारतो आणि ती केसपेपरवर लिहून ठेवतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी हवी, तर ती सकाळच्या प्रार्थनेआधी घ्यावी, म्हणजे चहापर्यंत वेळ आपोआप जातो. मेटफॉर्मिन मात्र जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, म्हणून ती ताटावरच्या आभाराला बांधावी. बाकीच्या वाचकांनी हे आपापल्या घरी लावून घ्यावे. कुठे संध्याकाळचा दिवा आहे, कुठे नमाज आहे. घड्याळाच्या गजराला माणूस गप्प करतो, पण घरातल्या रिवाजाला सहसा करत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. इटलीतल्या पाव्हिया इथल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरी म्हणायला लावली आणि एक योगमंत्रही म्हणायला लावला, मग श्वास आणि रक्तदाब मोजले. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली हे छापून आले. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. रोझरी असो की मंत्र, दोन्हींत तो वेग मिनिटाला सुमारे सहावर आला. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी सूक्ष्म यंत्रणा असते, दाब वाढला की ती हृदयाला आवर घालते. सहाच्या लयीत ही यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यांना दिसले. म्हणजे प्रार्थनेनंतर जी शांतता वाटते तिला शरीरातही आधार आहे. मात्र हे सावकाश म्हटले तर. माळ संपवण्याची घाई करणाऱ्याचा श्वास लयीत येत नाही. आणि हा परिणाम तेवढ्या वेळेचा आहे, म्हणून यावर गोळी सोडू नये.

गोळी सोडण्यावरूनच मला आजचा मुख्य विषय सांगायचा आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण, वय चोवीस. त्याला फेफरे येत असे. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, दोन महिने एकही झटका आला नाही. मधल्या काळात कोणी नातेवाइकाने त्याला शहराबाहेरच्या एका मोठ्या प्रार्थना सभेला नेले. तिथे त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि तू बरा झालास असे सांगण्यात आले. त्याने सर्वांसमोर तशी साक्ष दिली. आता साक्ष दिल्यावर गोळी घ्यायची कशी? घेतली तर तो अविश्वास झाला! त्याने गोळ्या बंद केल्या. अकराव्या दिवशी जिन्यात झटका आला, हनुवटीला सहा टाके पडले. आईने माझ्याकडे आणले तेव्हा जखमेपेक्षा त्याच्या तोंडचे वाक्य मला जास्त लागले. तो म्हणाला, "माझाच विश्वास कमी पडला असेल, डॉक्टर."

वाचकहो, औषधाचे दुष्परिणाम आम्ही पुस्तकात वाचतो. हा दुष्परिणाम कुठल्या पुस्तकात नाही. आजार आधीच आहे, त्यावर आता अपराधही आला. त्याला मेंदूतल्या विजेचे आकडे सांगून उपयोग नव्हता. त्याच्या मंडळीचे वृद्ध पाळकसाहेब मला ओळखत, त्यांना मी फोन केला. ते संध्याकाळी दवाखान्यातच आले आणि बाकावर त्याच्या शेजारी बसले. त्यांनी त्याला रागे भरले नाही, त्या सभेवर टीकाही केली नाही. एवढेच विचारले, "पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून किती वेळा मागितले रे?" मुलगा म्हणाला, "तीन वेळा." "निघाला?" "नाही." "मग पौलाचा विश्वास कमी होता का?" मुलगा गप्प. पाळकसाहेब म्हणाले, "गेथशेमाने बागेत प्रभूनेही प्याला टळावा म्हणून मागितले होते. तो टळला नाही. तू गोळी घे, आणि घेताना आभार मान. जेवणावर मानतोस, मग गोळीवर का नाही?"

गोळी पुन्हा सुरू झाली. त्याला आता दोन वर्षे होऊन गेली, झटका नाही. अजूनही गोळी चालू आहे. कमी करायची झाल्यास ती तज्ज्ञाच्या सल्ल्याने, हळूहळू करू. फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद करणे फार धोक्याचे, एकामागून एक झटके येऊन जीवही जाऊ शकतो.

क्षयाचेही तसेच. उपचार सहसा किमान सहा महिन्यांचा आणि सरकारी केंद्रात मोफत. पण महिना-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढते, आणि नेमक्या त्याच सुमाराला माणसाला वाटते की देवाने हाक ऐकली. ऐकली असेलही. पण छातीतले जंतू अजून संपलेले नसतात, आणि अर्ध्यावर सोडलेल्या औषधाला ते पुढे दाद देत नाहीत. हे केवळ ख्रिस्ती रुग्णांतच होते असे कोणी समजू नये. नवसाचा दोरा बांधून आणि दर्ग्याचे पाणी पिऊन इन्सुलिन सोडलेले रुग्णही माझ्याकडे आले आहेत, त्यांतले काही माझ्याच गल्लीतले.

आता त्या आफ्रिकन मुलांची गोष्ट. डॉक्टर डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे नाव शाळेत ऐकले असेल. मिशनरी, प्रवासी आणि पेशाने डॉक्टर. त्यांच्या शेवटच्या प्रवासात नाशिकच्या या शाळेत शिकलेली मुले होती. १ मे १८७३ च्या पहाटे आफ्रिकेच्या अंतर्भागातल्या एका खेड्यात ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. हृदय तिथेच झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला तो जेकब वेनराइट या नाशिकला शिकलेल्या तरुणाने. मग सोबत्यांनी वाळवलेला देह खांद्यावरून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालत समुद्रकिनारी आणला, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीसोबत जेकब होता. गुडघ्यांवरचा तो मृत्यू सर्वांना ठाऊक असतो. मला डॉक्टर म्हणून आठवते ते त्याच्या सहा वर्षे आधीचे. जानेवारी १८६७ मध्ये दोन माणसे सामान घेऊन पळाली, त्यात औषधांची पेटी गेली, क्विनाइन गेले. प्रार्थनेत आयुष्य काढलेल्या या माणसाने तेव्हा रोजनिशीत लिहून ठेवले की जणू आपल्याला मृत्युदंडच सुनावला गेला. प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती, पण क्विनाइनवाचून हिवतापाशी गाठ कशी असते ते त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेने रोगी बरा होतो का, हे मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ साली खवचटपणे लिहिले की राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी देशभर प्रार्थना होते, तरी राजघराण्यातली माणसे इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगत नाहीत. तो वात्रटपणा सोडून देऊ. अलीकडचा नेटका प्रयोग २००६ चा. अमेरिकेतल्या सहा इस्पितळांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण घेतले. ज्यांच्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे सांगितलेच नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्क्यांना आणि न झालेल्या गटात ५१ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. म्हणजे फरक नाही. पण तिसरा गट असा होता की तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार आहे असे ज्यांना सांगितले होते. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. का, ते कोणाला ठामपणे सांगता आलेले नाही, योगायोगही असू शकेल. काहींच्या मते रुग्ण धास्तावले असतील, आपली प्रकृती इतकी वाईट आहे की प्रार्थना करणारी मंडळी बोलवावी लागली!

आमचे गुरुजी याला प्रयोगच म्हणायला तयार नाहीत. देव काय प्रयोगशाळेत येऊन बसेल का, असे ते विचारतात, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिथली प्रार्थना अनोळखी माणसांनी, फक्त पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर वाचून केलेली होती. आपल्याकडे शेजारची मावशी डबा घेऊन येते, खाटेवर बसते, हात हातात घेते आणि मग प्रार्थना करते. ही दोन वेगळी कामे आहेत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे गुरुवारी महिला मंडळ प्रार्थनेला येते, म्हणून ती बुधवारी केस धुते आणि साडी बदलते, याची किंमत मला कळते. असे कोणी न येणारे म्हातारे मी रोज पाहतो.

म्हणून भेटीला जाणाऱ्या मंडळींना माझी थोडी विनंती आहे. आजाऱ्याला आधी विचारा, आता प्रार्थना करू का, की नुसते बसू? शस्त्रक्रियेनंतर खाटेभोवती बारा जण नकोत, दोघे पुरेत, पाच मिनिटे पुरेत. खोकला असेल त्याने घरूनच प्रार्थना करावी. आणि 'विश्वास धर म्हणजे बरा होशील' हे वाक्य कृपा करून म्हणू नका. उद्या तो बरा झाला नाही तर त्या वाक्याचे ओझे त्याच्या उशाला राहते. शास्त्रात याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, ते सर्व ख्रिस्ती सांगतात. त्या काळी तेल हे औषधही होते, हे मात्र थोडे सांगतात. चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारसच ओतला होता. कॅथलिकांच्या शास्त्रात बेन सिराच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात, आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, अशा अर्थाचा उपदेश आहे, तो जरूर वाचावा. पौलाने तीमथ्याला पोटासाठी द्राक्षारस घ्यायला सांगितले होते, हा दाखला आमचे पुरुष रुग्ण फार आवडीने देतात. त्यांनी 'थोडा' हा शब्दही वाचावा, आणि यकृताची तपासणी करून घ्यावी.

गुडघ्यांविषयी थोडे. संधिवात असलेल्यांनी जमिनीवर गुडघे टेकू नयेत, खुर्चीवर बसून प्रार्थना करावी. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गुडघ्यांवरून एकदम उठू नये. रक्तदाब क्षणभर घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खाटेच्या कडेवर डोके आपटते. आधी खाटेवर बसावे, मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे.

राहिला उपवास. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ आणि त्यातला उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये, मार्च-एप्रिलचे ऊन, आणि पोट रिकामे. कॅथलिकांचा नियम बंधनकारक उपवासाला १८ ते ५९ एवढेच वय धरतो आणि आजाऱ्याला सूट देतो. ही सूट घेण्यात कमीपणा नाही. मधुमेहाच्या ज्या गोळ्या साखर खाली खेचतात, ग्लिमेपिराइडसारख्या, किंवा इन्सुलिन, त्या नेहमीच्या डोसने घेऊन उपाशी राहणे म्हणजे चक्कर येऊन पडण्याची तयारी. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्याने तर न विचारता उपाशी राहूच नये. घाम फुटला, हात थरथरले, भलतेच बोलू लागला, तर साखर घसरली समजावे. ती ७० च्या खाली असेल किंवा मोजायला यंत्र नसेल, तरी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, मात्र तो शुद्धीत असेल तरच. पंधरा मिनिटांत सुधारला नाही तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. चर्चला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणि डोस बदलून घ्यायचा असेल तर झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात येऊन भेटावे. उत्तम शुक्रवारी सकाळी साडेअकराला फोन करून विचारणारे दरवर्षी चार-पाच जण असतात, आणि त्यांतले निम्मे तोवर उपाशीपोटी गोळी घेऊन बसलेले असतात.